गॅरेजमधली मॅट : आधी जमीन, मग जाडी

उन्हाळी सुट्टीला तीन आठवडे उरले होते. संध्याकाळचे खेळ संपल्यावर आठवीतला एक कॅडेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, सुट्टीत ज्युदोचा सराव तुटायला नको म्हणून बाबा क्वार्टरच्या गॅरेजमध्ये मॅट घालून देणार आहेत. किती जाडीची आणायला सांगू?"

मी उलट विचारले, "त्या मॅटवर पडणार कोण आणि कसं पडणार?"

तो गोंधळला. मी त्याला कागदावर पाच-सहा प्रश्न लिहून दिले आणि उत्तरे घरून मागवायला सांगितली. दरवर्षी दोन-चार कॅडेट्स आणि त्यांचे पालक हेच विचारतात, म्हणून या वेळी ते सगळे मराठी पानावर सविस्तर मांडतो आहे.

त्याआधी एक आठवण. माझ्या लहानपणी वडिलांची बदली उत्तरेतल्या एका छावणीत झाली होती. क्वार्टरला गॅरेज होते, गाडी मात्र नव्हती. मी दहावीत होतो, धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. कुठून तरी सहा जुन्या मॅट मिळाल्या आणि त्याच दिवशी आम्ही त्या अंथरल्या. खालचा कोबा धुतला नाही, साधा झाडलासुद्धा नाही. आधीच्या कुटुंबाच्या स्कूटरचे तेल तिथे सांडलेले होते. अर्ध्या तासात मॅट सरकल्या आणि दोन मॅटमध्ये चार बोटांची फट पडली. भावाचा पाय त्या फटीत अडकला, तो हात ताठ टेकून पडला आणि कोपराच्या वरचे हाड मोडले.

हाड नीट जुळले. पण पुढची कित्येक वर्षे आई अधूनमधून त्याला दोन्ही हात समोर ताठ धरायला लावायची आणि कोपरांकडे निरखून बघायची. कॅरिंग अँगल म्हणजे काय आणि भरतीच्या वैद्यकीय तपासणीत तो का पाहतात, हे इथल्या कॅडेट्सना सांगायला नको. भाऊ तपासणीत पास झाला. तोपर्यंत आईच्या मनावर जे ओझे होते ते एका फटीचे होते. मॅट जाड होत्या, चांगल्या होत्या. चूक त्यांच्याखाली आणि त्यांच्या मधे होती.

मॅट काय काम करते

मॅट वेदना कमी करते असे आपण म्हणतो. नेमके सांगायचे तर ती थांबण्याचे अंतर वाढवते. नववीपासून पुढच्या कॅडेट्सनी हे गणित स्वतः करून पाहावे. १ मीटर उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा जमिनीशी वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर होतो. हा वेग ५ मिलिमीटर अंतरात शून्यावर आला, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या २०० पट होते. तोच वेग २५ मिलिमीटर अंतरात शून्यावर आला, तर ४० पट. उंचीला थांबण्याच्या अंतराने भागले की हा आकडा मिळतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मॅट जेवढी जाड तेवढे थांबण्याचे अंतर, असे नसते. फोम पूर्ण दाबला गेला की त्याला तळ लागतो आणि मग खालचा कोबाच अंगाला लागतो. फोम फार मऊ असेल तर २५ मिलिमीटरची मॅट एका टाचेखाली सपाट होते. शिवाय मऊ मॅटमध्ये पाय रुततो. वळताना शरीर फिरते, पाऊल अडकून राहते आणि गुडघा किंवा घोटा पिळवटतो. म्हणून जाडीबरोबर घनताही पाहायची. अंगठ्याने जोरात दाबल्यावर मॅट थोडी दबली पाहिजे आणि अंगठा काढताच पूर्वस्थितीला आली पाहिजे. खड्डा तसाच राहिला तर ती मॅट घेऊ नका.

जमीन बदलली की पडणेही बदलते

प्रत्येक कलेने आपल्या पडण्याप्रमाणे जमीन निवडली आहे. आपल्या तालमीतल्या हौद्यात लाल माती असते. तिच्यात ताक, तेल, हळद घालतात आणि कुस्तीआधी ती फावड्याने उकरून मोकळी करतात. केरळची कळरी जमिनीच्या पातळीखाली खोदलेली असते, परंपरेने ४२ फूट लांब आणि २१ फूट रुंद, आणि तिचा तळ चोपून सपाट केलेल्या मातीचा असतो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानमध्ये ज्युदो सुरू केला तो तातामीवर, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या घट्ट चटयांवर. आजच्या ज्युदो मॅटला तातामी म्हणतात ते त्यामुळेच.

जमीन बदलल्यावर चांगल्या खेळाडूलाही नव्याने जुळवून घ्यावे लागते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर लढावे लागले आणि ते सहावे आले. पुढची चार वर्षे त्यांनी तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. गॅरेजचा कोबा आणि आपल्या शाळेचा ज्युदो हॉल यांत माती आणि मॅट यांच्याइतकाच फरक आहे, हे ध्यानात ठेवून पुढे वाचा.

पहिले काम : मोजमाप

एका गाडीचे गॅरेज साधारण ३ मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब असते. तुमचे मोजा. भिंतीपासून १ मीटरच्या आत कुणाला फेकायचे नाही, हा नियम धरला तर ३ मीटर रुंदीत मधे फक्त १ मीटरची पट्टी उरते. म्हणजे अशा गॅरेजमध्ये जोडीदाराला फेकण्याचा सराव बसत नाही. बसतात त्या गोष्टी अशा : उकेमी, म्हणजे सुरक्षित पडणे, जमिनीवरची पकड आणि सुटका, फेकीआधीपर्यंतचा प्रवेश, म्हणजे उचिकोमी, कराटे आणि तायक्वांदोतल्या लाथा-ठोसे, आणि व्यायाम. सुट्टीतल्या दीड महिन्यासाठी हे पुष्कळ आहे.

वरही पाहा. पंखा, बल्ब, लोंबणारी वायर, शटरचा गुंडाळा, भिंतीतले खिळे आणि फळ्यांचे कोपरे. हात वर करून उडी मारल्यावर काहीही लागत असेल तर ते हलवा. हलवता येत नसेल तर त्याच्याखाली उडी आणि लाथ बंद.

दुसरे काम : कोबा

गॅरेज पूर्ण रिकामे करा. तेलाच्या डागांवर लाकडाचा भुसा किंवा राख टाकून रात्रभर ठेवा, मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासून धुवा. तेलावर मॅट सरकते आणि तेलाने फोम खराबही होतो. धुतल्यावर दोन दिवस वाळू द्या.

मग ओल तपासा. दीड फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. संध्याकाळी पाचला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊनंतर उघडा. आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा कोबा काळपट दिसला तर जमिनीतून ओल वर येते आहे. अशा जागी मॅट कायमची अंथरून ठेवली की खाली बुरशी धरते, वास येतो आणि ती बुरशी त्वचेपर्यंत पोचते. उपाय साधा आहे : सराव संपला की मॅट उचलून भिंतीशी उभ्या ठेवायच्या. कोकणात, केरळात किंवा ईशान्येत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात चाचणी न करताच हे करावे.

तिसरी तपासणी सपाटीची. सहा फुटी सरळ पट्टी कोब्यावर आडवी-उभी फिरवा. पट्टीखालून पेन्सिल सरकत असेल तर तिथे खड्डा आहे. स्वतःचे घर असेल तर गवंड्याकडून सिमेंटने भरून घ्या. सरकारी क्वार्टर असेल तर परवानगीशिवाय काही भरू, चिकटवू किंवा ठोकू नका. खड्ड्याची जागा सोडून मॅट घाला. पाणी बाहेर जावे म्हणून गॅरेजला दाराकडे उतार असतो. थोड्या उताराने सरावात अडचण येत नाही, पण मॅट हळूहळू दाराकडे सरकतात. कंचा ठेवून पाहा, उतार कळेल.

तिसरे काम : मॅटची निवड

आता कुठे जाडीचा प्रश्न येतो.

पडणे नसलेला सराव, म्हणजे काता, ठोसे, लाथा आणि व्यायाम, यासाठी २० ते २५ मिलिमीटरची ईव्हीए फोमची मॅट पुरते. हीच ती कडांना दाते असलेली, एकमेकींत अडकणारी १ मीटर लांब-रुंद मॅट. उकेमी आणि जमिनीवरचा सराव असेल तर ३० ते ४० मिलिमीटर घ्या. फेकीसाठी ४० ते ५० मिलिमीटरची खरी ज्युदो मॅट लागते. तिच्यात फोमचे तुकडे दाबून जोडलेला घट्ट थर आणि वर न घसरणारे कव्हर असते. शिकाऊ मुलांना फेकायचे तर तिच्यावर आणखी एक जाड गादीही लागते. आपण पाहिलेच की लहान गॅरेजमध्ये ही पायरी येतच नाही.

झोपायची कापसाची गादी मॅटऐवजी वापरू नका. ती कोब्यावर घसरते, तिच्यात गाठी होतात आणि कडेला पाय मुरगळतो.

बदलीवर असणाऱ्या पालकांनी वजनाचाही विचार करावा. १ मीटर लांब-रुंद आणि २५ मिलिमीटर जाड ईव्हीए मॅट अडीच किलोच्या आसपास असते. अशा १५ मॅट एकावर एक ठेवल्या तर ढीग गुडघ्याच्याही खाली, साधारण ३८ सेंटिमीटर होतो. ४० मिलिमीटरची घट्ट ज्युदो मॅट त्याच मापात सुमारे ९ किलोची असते. १५ मॅटचे १३५ किलो सामान दर दोन-तीन वर्षांनी ट्रकमध्ये चढवायचे का, हे आधी ठरवा.

चौथे काम : मांडणी

मॅट आल्याबरोबर जोडू नका. बांधून आलेल्या मॅट वाकलेल्या असतात. एक दिवस सपाट पसरून ठेवा.

भिंतींवर विसंबून रांग लावू नका, कारण गॅरेजच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. खडूने एक सरळ रेघ मारा. तिच्यावरच्या एका बिंदूपासून रेघेवर ३ फुटांवर एक खूण करा. त्याच बिंदूपासून बाजूला ४ फूट दोरी धरा. दोन्ही टोकांतले अंतर बरोबर ५ फूट झाले की कोन काटकोन असतो. पायथागोरसचा हा उपयोग गवंडी रोज करतात.

उताराच्या बाजूला, म्हणजे दाराकडे, जमिनीवर लाकडी पट्टी आडवी ठेवा. ती दोन्ही टोकांना भिंतींत घट्ट अडकेल अशा मापाची कापून घ्या. खिळे ठोकायची गरज राहत नाही. पहिली रांग तिला टेकवून सुरू करा आणि आत सरकत जा. दाते पायाने दाबून बसवा. एकही दाता वर राहता कामा नये. भिंतीलगत एक बोट जागा सोडा. पत्र्याचे शटर मे महिन्यात तापते, फोम प्रसरण पावतो आणि जागा नसेल तर मॅट मधेच फुगून वर येतात. ही जागा पुढे भिंतीच्या पॅडखाली झाकली जाते. कापाकापी करायची असेल तर ते काम मोठ्यांनी पोलादी पट्टी धरून करावे.

दाते नसलेल्या ज्युदो मॅट घालत असाल तर विटांच्या बांधकामासारखे सांधे एकाआड एक ठेवा, म्हणजे लांबच लांब सरळ फट तयार होत नाही. चारही बाजूंनी लाकडी चौकट करा, किंवा ट्रकवर सामान आवळायचा पट्टा सगळ्या मॅटभोवती घालून ताणा.

भिंतींना पाच फूट उंचीपर्यंत फोमचे पॅड लावा. चिकटवता येत नसतील तर दोरीने टांगा. खांबाला आधी गुंडाळा. सायकल, अवजारे, सिलिंडर आणि रॉकेल-पेट्रोलचे डबे बाहेर गेलेच पाहिजेत. गॅरेजमध्ये गाडीचे इंजिन किंवा जनरेटर सुरू ठेवून सराव कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि धाप लागलेला माणूस ते अधिकच आत घेतो. सराव चालू असेपर्यंत शटर उघडे ठेवा. हवा येते आणि घरच्यांना आत काय चालले आहे ते दिसते.

पाचवे काम : पायाच्या अंगठ्याची परीक्षा

मांडणी झाली की अनवाणी होऊन पाय न उचलता, घासत घासत सगळ्या मॅटवर फिरा. ज्युदोत आपण असेच सरकतो. अंगठा कुठेही अडकला तर तो सांधा उसकटून पुन्हा बसवा. मग दोघे जण समोरासमोर पकड घेऊन पाच मिनिटे ढकलाढकली करा आणि थांबून सांधे पाहा. फट पडली असेल तर मांडणी नापास. ही परीक्षा फक्त पहिल्या दिवशी नाही, प्रत्येक सरावाआधी घ्यायची. मल्ल रोज माती उकरतो, तसे आपण रोज सांधे तपासायचे. माझ्या भावाच्या वेळी ही पाच मिनिटे आम्ही दिली असती तर पुढचे काही घडले नसते.

स्वच्छता

मॅटवर येण्याआधी पाय धुवा आणि चपला कडेलाच ठेवा. नखे कापलेली हवीत. सराव संपल्यावर मॅट साबणाच्या पाण्याने पुसा आणि मग बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे पातळ केलेल्या जंतुनाशकाने पुसून पूर्ण वाळू द्या. ब्लीच वापरत असाल तर त्यात टॉयलेट साफ करायचे आम्ल कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. मॅट कडक उन्हात दिवसभर टाकू नका. फोम आकसतो आणि दाते जुळेनासे होतात. सावलीत आणि वाऱ्यावर वाळवा. कुणाला गजकर्ण किंवा उघडी जखम असेल तर बरे होईपर्यंत त्याने मॅटवर यायचे नाही.

कुणी काय करायचे

एकटे असाल तर फक्त बसून आणि उकिडवे बसून केलेली उकेमी, काता, सावली-सराव, आणि खांबाला सायकलची जुनी ट्यूब बांधून उचिकोमी. ट्यूब बांधण्याआधी तिला चीर नाही ना ते पाहा. जोडीदार असेल तर घरातले मोठे माणूस समोर हवे. गळा आवळण्याचे आणि सांधा पिळण्याचे डाव प्रशिक्षकाशिवाय नाहीत. धाकट्या भावंडांना आणि शेजारच्या मुलांना "दाखवतो" म्हणून फेकायचे नाही. शाळेत आपण एकमेकांना फेकतो ते आधी अनेक आठवडे पडायला शिकल्यावर. त्या मुलांनी ते शिकलेले नसते, आणि मॅट ते शिकवत नाही.

तोल गेला की हात ताठ टेकू नका. हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि तळहातासह पूर्ण हाताचा फटका मॅटवर. ही सवय लागेपर्यंत दुसरे काही नको. डोक्याला मार लागला तर सराव तिथेच थांबवा. उलटी, गुंगी, गोंधळल्यासारखे बोलणे किंवा वाढती डोकेदुखी दिसली तर लगेच दवाखान्यात न्या. मानेला लागले असेल तर मुलाला न हलवता मदत बोलवा.

पालकांना एक विनंती. सगळे गॅरेज भरायची घाई करू नका. आठ-नऊ मॅटपासून सुरुवात करा. मुलगा किंवा मुलगी महिनाभर नेमाने सराव करते आहे असे दिसले की पुढच्या घ्या. आणि पहिल्या दिवशी तुम्हीही अनवाणी फिरून सांधे तपासा.

सुट्टीच्या आदल्या आठवड्यात तो कॅडेट पुन्हा आला. त्याच्या हातात चौकटीच्या वहीचा कागद होता. त्याच्या बाबांनी गॅरेज मोजले होते, आईने प्लॅस्टिक चिकटवून पाहिले होते आणि उघडल्यावर आत थेंब निघाले होते. कागदावर त्याने १२ चौकोन काढले होते आणि कडेला लिहिले होते : "३० मिलिमीटर. रोज उचलायच्या. फेक नाही."

मी त्या कागदावर सही केली आणि खाली एक ओळ लिहिली : सुट्टीहून परत आल्यावर पहिल्या तासाला उकेमी दाखवणे.